धीराचा खर्च आणि मराठवाड्याचे मैदान

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने केरळला मागे टाकून हा करंडक तिसऱ्यांदा आपल्या नावावर केला. २०१७-१८ पासून त्या विजयापर्यंत भरलेल्या सात स्पर्धांपैकी तीन स्पर्धांत विजेतेपद आणि एका स्पर्धेत उपविजेतेपद, असा हा विदर्भाचा लेखाजोखा आहे. महाराष्ट्राच्या राजकारणात ‘विदर्भ-मराठवाडा’ हा जोडशब्द अनुशेषाच्या प्रत्येक चर्चेत एका दमात उच्चारला जातो. सिंचन असो, रस्ते असोत की नोकऱ्या. मागासलेपणाच्या यादीत ही दोन नावे शेजारी शेजारी बसलेली असतात. त्या जोडशब्दाच्या पूर्वार्धाने क्रीडाक्षेत्रात हे घडवून आणले असेल, तर उत्तरार्धाचे काय, हा प्रश्न नांदेड आणि लातूर येथील शिक्षकांच्या खोलीत, कचेऱ्यांत आणि वसतिगृहांत विचारला जाणे स्वाभाविक आहे. तो केवळ क्रिकेटचा प्रश्न नाही. तरुण पिढीवर किती पैसा खर्च करावा, तो किती काळ करीत राहावा आणि फळाची वाट किती वर्षे पाहावी, याविषयीच्या सामाजिक वृत्तीचा तो प्रश्न आहे.

साठ वर्षांची प्रतीक्षा

विदर्भाचे यश पाहून निघणारा पहिला निष्कर्ष बहुधा असा असतो, की विदर्भाला स्वतःची क्रिकेट संघटना आहे, स्वतःचा रणजी संघ आहे. मराठवाड्याला तो नाही, मराठवाड्यातील जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली आहेत. म्हणून विदर्भ पुढे गेला. हा निष्कर्ष सोयीचा आहे, परंतु तो खरा नाही. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो १९५७-५८ साली. पहिले विजेतेपद मिळाले ते २०१८ च्या पहिल्या दिवशी, इंदूरच्या मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. मधल्या साठ वर्षांत संघटना होती, संघ होता, नाव होते आणि अस्मिताही होती. नव्हते ते यश. पुढे स्पर्धेचे दोन गट झाले तेव्हाही विदर्भाची ओळख बराच काळ दुय्यम गटातला संघ अशीच राहिली. वेगळे घर मिळाले म्हणजे घरात माणसे कर्तबगार निपजतात असे नाही, हे या साठ वर्षांनी पुरेसे सिद्ध केले आहे.

मग बदलले काय? पहिल्या विजेतेपदाच्या आधीची काही वर्षे विदर्भाच्या संघटनेने पैसा कोठे घातला, हे पाहिले की उत्तर मिळते. जामठ्याचे भव्य मैदान २००८ साली उभे राहिले हे खरे. पण खर्च तेथेच थांबला नाही. वयोगटांचे संघ, त्यांचे प्रशिक्षक आणि मुलांची अकादमी यांवर तो वर्षानुवर्षे होत राहिला. सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारखा माजी कसोटी गोलंदाज जलदगती मुलांच्या मागे उभा राहिला. खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलनेच खेळत होता. लेदर बॉल हाती आल्यानंतर थोड्याच वर्षांत, २०११ साली, तो भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. गुण कोळशाच्या खाणीशेजारीही असतो, तो पाहणारा डोळा तेथवर पोहोचला पाहिजे, एवढेच त्यातून दिसले.

२०१७-१८ चा हंगाम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ज्या हिवाळ्यात वरिष्ठ संघाने रणजी जिंकली, त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या १९ वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडक जिंकला आणि त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने त्रिशतक काढले. म्हणजे वरचा मजला चढत असताना पाया भरण्याचे काम थांबलेले नव्हते. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात अक्षय वाडकर या २३ वर्षांच्या यष्टिरक्षकाने शतक ठोकले. सात वर्षांनी, २०२५ च्या विजयात, तोच वाडकर कर्णधार होता. त्या अंतिम सामन्यात १५३ धावा करणारा दानिश मालेवार २१ वर्षांचा आणि एका हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे २२ वर्षांचा होता.

बाहेरून कोणी आणलेच नाही असेही नाही. मुंबईचा वसीम जाफर चाळिशीला टेकलेला असताना विदर्भाकडून खेळला आणि धावांचे डोंगर रचीत राहिला. कर्नाटकचे गणेश सतीश आणि पुढे करुण नायर हेही आले. पण ते मोजके होते. खांब म्हणून आले, भिंती घरच्याच विटांच्या राहिल्या. पहिल्या विजेतेपदाच्या वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे होते, तिसऱ्याच्या वेळी उस्मान गनी हे विदर्भाचेच जुने खेळाडू होते. बाहेरच्या गुरूकडून विद्या घ्यावी, तोवर घरचा गुरू तयार करावा आणि मग त्याच्या हाती सूत्रे द्यावीत, हा क्रम विदर्भाने पाळला.

परदेशातील दोन धडे

हाच क्रम दूरच्या देशात, वेगळ्या खेळातही आढळतो. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकजीवनात जेवढा मुरलेला आहे, तेवढे येथे क्रिकेट. तेथील शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर एकदाही जागतिक मालिका जिंकली नव्हती. २०११ च्या अखेरीस नवे व्यवस्थापन आले. त्याने नामांकित आणि महागडे खेळाडू विकत घेऊन वेळ मारून नेण्याऐवजी तरुण मुले निवडून त्यांना वाढविण्याचा मार्ग धरला. त्याची किंमतही मोजावी लागली. २०१२ च्या हंगामात हा संघ १०१ सामने हरला. प्रेक्षकांनी ते पराभव सोसले आणि २०१६ साली, १०८ वर्षांनी, करंडक घरी आला.

दुसरा धडा ह्यूस्टनचा आहे आणि तो इशाऱ्याचा आहे. ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा संघ २०११, २०१२ व २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला. तरुणांवर भर देत त्यानेही धीर धरला आणि २०१७ मध्ये जागतिक मालिका जिंकली. परंतु त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याच्या साह्याने चोरल्या जात होत्या, हे पुढे उघड झाले आणि २०२० साली संघाला शिक्षा झाली. सहा वर्षांची तपश्चर्या एका लबाडीने डागाळली. धीर हा गुण खरा, पण सचोटीवाचून तो वाया जातो, हे मराठवाड्यातील क्रीडाप्रेमींनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे असे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

गुण येथले, घडण दुसरीकडची

मराठवाड्यात गुण नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या युवा विश्वविजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात, चार गडी ३२ धावांत गमावलेले असताना, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून संघ तारला. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोमध्ये २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविला. जालना, बीड, धाराशिव ही नावे या यादीत आहेत. नांदेड-लातूरच्या मुलांच्या मनगटात कमी बळ आहे असे मानण्याचे काहीच कारण नाही.

कुस्तीचा इतिहास तर अधिक बोलका आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत गुरुस्थानी बसले. त्यांच्या हाताखाली लातूर तालुक्यातील साई गावचे काका पवार घडले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. बिराजदार आणि पवार या दोघांच्या छायेत पाटोद्याचा राहुल आवारे वाढला. त्याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुरू मराठवाड्याचा, शिष्य मराठवाड्याचा, शिष्याचा शिष्यही मराठवाड्याचा. पण तालीम पुण्याची! तीन पिढ्यांचे हे नाते म्हणजे धीराच्या खर्चाचा उत्तम नमुना होय. पहिलवानाचा खुराक एका हंगामात अंगी लागत नाही. दूध, तूप, बदाम वर्षानुवर्षे पुरवावे लागते आणि कुस्ती हरून आलेल्या पोराचा खुराक वस्ताद बंद करीत नाही. हे शहाणपण ज्या मातीतून आले, त्या मातीला मात्र स्वतःच्या मैदानावर त्याचा विसर पडला आहे.

सत्तेचा अभाव हेही कारण देता येणार नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी राज्याला दिले. बाभळगावचे विलासराव तर २०११ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्षही झाले. मुंबईच्या क्रिकेटची सूत्रे लातूरच्या माणसाच्या हाती आली, म्हणून लातूरच्या मुलाच्या हाती बॅट आली नाही. शिखरावर आपला माणूस बसला की पायथ्याशी आपोआप पाणी येते, ही समजूत मराठवाड्याने सिंचनाच्या बाबतीत तपासून पाहिली आहे. क्रीडाक्षेत्रातही ती तपासून पाहावी.

दगडावरचा खर्च आणि मुलावरचा खर्च

खर्च होतच नाही असे नाही. नांदेडला गुरु गोविंदसिंघजी स्टेडियम आहे, लातूरला क्रीडा संकुल आहे, शालेय स्पर्धांसाठी लातूर हा स्वतंत्र विभागही आहे. पण सार्वजनिक पैशाची एक जुनी खोड आहे. त्याला दगड-सिमेंट आवडते. इमारतीचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, कोनशिला बसते. पगारी प्रशिक्षकाची कोनशिला बसत नाही. रोलर ओढणाऱ्या माळ्याचे, जाळीच्या दुरुस्तीचे, चेंडूंच्या डब्यांचे, तालुक्याहून येणाऱ्या मुलांच्या एस.टी. भाड्याचे आणि सरावानंतरच्या अंडी-केळ्यांचे उद्घाटन कोण करणार? संघ मात्र याच किरकोळ बाबींवर उभा राहतो. हा खर्च आकाराने लहान असतो, पण तो दर महिन्याला लागतो आणि एक महिना चुकला तरी मागचे काम वाया जाते. महाराष्ट्र संघटनेलाही हा भेद अनुभवाने कळला असावा. गहुंजे येथे तिचे देखणे मैदान २०१२ साली सुरू झाले आणि कर्जाच्या थकबाकीपायी २०१८ मध्ये बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या दोन वर्षी रणजी जिंकणारा महाराष्ट्र त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. मराठवाड्यासारखा विस्तीर्ण टापू मनापासून नांगरल्यावाचून हा दुष्काळ हटेल, असे संघटनेने मानू नये.

निसर्गाची अडचण आहेच. हिरवळीच्या मैदानाला पाणी लागते आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे मैदानाला पाणी मागणे अनेकांना चैनीचे वाटेल. परंतु चाळीस मुलांच्या सरावाला सारे मैदान हिरवे असावे लागत नाही. चार खेळपट्ट्या पुरतात, कडक उन्हाळ्यात मॅटिंग चालते. आणि खेळपट्टीला लागणारी चिकणमातीयुक्त काळी माती तर मराठवाड्याला कोठून आणावयाची नाही.

लातूर पॅटर्नची विस्मृत बाजू

सर्वांत मोठे आश्चर्य असे, की तरुणांवर धीराने श्रम घेण्याची विद्या ज्या गावाने साऱ्या महाराष्ट्राला शिकविली, ते गाव लातूरच आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे कोणतीही जादू नव्हती. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी सुटीचे दिवस वर्गात घालविले, त्याच त्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेतल्या, चुका पुन्हा पुन्हा दाखविल्या. खेड्यातून आलेल्या, पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाला त्यांनी बाहेर काढले नाही. दहाव्या चाचणीपर्यंत सांभाळले. यादीत झळकलेले नाव सर्वांना दिसले, त्यामागच्या नऊ चाचण्या कोणाला दिसल्या नाहीत. संघबांधणी याहून वेगळी नसते.

पण याच पॅटर्नची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सोळा ते अठरा ही वर्षे डॉक्टर-इंजिनिअर घडविण्याची आहेत, तशीच ती खेळाडू घडविण्याचीही आहेत. दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडमधील मुलाची बॅट माळ्यावर जाते आणि सकाळ-संध्याकाळ शिकवणीच्या स्वाधीन होते. बारावीनंतर प्रवेश मिळाला तर मुलगा गावाबाहेर जातो. नाही मिळाला तर खचतो. दोन्ही प्रकारे मैदान रिकामे होते. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. कोरडवाहू शेतीवर किंवा कारकुनाच्या पगारावर संसार ओढणारा बाप मुलाला अनिश्चित वाटेवर कसा सोडील? त्या वाटेवर पुढची पाच वर्षे कोणी तरी खर्च उचलणार आहे, अभ्यास बुडू देणार नाही, असा विश्वास दिसला तरच तो सोडील. धीराचा खर्च म्हणजे अखेर हा विश्वासच होय.

शेतकरी आत्महत्या करीत असताना खेळावर पैसा कशाला, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु येथे नवा पैसा ओतण्याची मागणी नाही. जो पैसा इमारती, सत्कार आणि एका रात्रीच्या प्रकाशझोतातील स्पर्धांवर खर्च होतो, त्याची दिशा बदलण्याची ही मागणी आहे. आणि ज्या भागातील तरुणाला दुष्काळ व स्पर्धापरीक्षा यांपलीकडे काही दिसेनासे झाले आहे, तेथे जिद्दीने जगण्याचे आणखी एक निमित्त उभे करणे ही चैन नव्हे.

हिशेब दरवर्षी, निकाल सात वर्षांनी

करावयाचे काय, याचे उत्तर अवघड नाही. महाराष्ट्र संघटना, दोन्ही जिल्ह्यांच्या संघटना, दोन्ही महानगरपालिका आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून नांदेड व लातूर जिल्ह्यांतून तेरा-चौदा वर्षांची चाळीस मुले निवडावीत. मुलींसाठी तेवढीच स्वतंत्र तुकडी असावी. त्यांना सात वर्षे सांभाळावे. मानधनावर वर्षाला बदलणारा मार्गदर्शक नको. सात वर्षे एकच प्रशिक्षक असावा. शाळा-महाविद्यालयांनी त्यांच्या अभ्यासाची जबाबदारी लेखी स्वीकारावी. पहिली पाच वर्षे करंडक किती आले हे कोणी विचारू नये. पैसा कोठे गेला हे मात्र दरवर्षी, पैशापैशाचा जमाखर्च छापून, सर्वांनी विचारावे. येथे नेमके उलटे घडत आले आहे. निकाल पहिल्याच वर्षी मागितला जातो आणि हिशेब कधीच नाही.

आणि येथेच ह्यूस्टनचा धडा आठवावा. तरुणांवर संघ उभारावयाचा तर तरुण खरोखरच तरुण असला पाहिजे. वयचोरी हा भारतीय वयोगट स्पर्धांचा जुना रोग आहे. क्रिकेट मंडळाला हाडांच्या क्ष-किरण तपासणीचा आश्रय घ्यावा लागला तो त्यामुळेच. सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील संघात खेळला तर एक करंडक मिळतो आणि एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचे आयुष्यभराचे स्थान जाते. सवलतीचे गुण आणि नोकरीतील पाच टक्के आरक्षण यांसाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे तयार झाल्याची प्रकरणे राज्याने पाहिली आहेत. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शिक्षकाच्या सहीने आणि कारकुनाच्या शिक्क्याने निघतो. म्हणजे संघबांधणीची पहिली वीट मैदानावर नव्हे, शाळेच्या कचेरीत बसते. ती वीट खोटी असेल तर वरचा कोणताही खर्च वाया जाणारच.

कोरडवाहू शेतकऱ्याला आंब्याचे रोप लावल्यावर दुसऱ्या वर्षी कैऱ्या मोजू नयेत, हे सांगावे लागत नाही. तो घागरीने पाणी घालतो, कुंपण करतो, वाट पाहतो. नांदेड-लातूरला क्रीडाक्षेत्रात याहून अधिक काही शिकावयाचे नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सातवी-आठवीच्या वर्गांत ती चाळीस मुले बसलेली असतील. ती शोधण्याचे काम कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता सुरू करता येण्याजोगे आहे.